इंद्राचे घोडे आणि महादेवाचा कुत्रा

वरवट बकालहून सोनाळ्याच्या बाजूला निघालं की दोन्हीकडे कपाशीची काळीभोर जमीन आणि समोर, उत्तरेला, सातपुडा. अंबाबरव्याच्या जंगलापासून थेट मेळघाटापर्यंत पसरलेल्या या डोंगरांत कोरकूंची गावं आहेत. पहिला माणूस कसा घडला, याची त्यांची एक कथा आहे. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात ती १९१६ साली छापली.

लंकेच्या रावणानं पाहिलं, विंध्य आणि सातपुडा ओस पडलेत. त्यानं महादेवाला विनवलं, इथे माणसं वसव. महादेवानं कावळ्याला तांबड्या मातीचं वारूळ शोधायला धाडलं. बैतुलच्या डोंगरांत ते सापडलं. त्यातली मूठभर माती घेऊन देवानं एक पुरुष आणि एक बाई घडवली. तेवढ्यात इंद्रानं पाठवलेले दोन धगधगते घोडे जमिनीतून उसळले आणि दोन्ही मूर्ती तुडवून गेले. पुन्हा घडवल्या, पुन्हा चुराडा. दोन दिवस हेच चाललं. शेवटी महादेवानं आधी मातीचा कुत्रा केला आणि त्यात प्राण फुंकला. कुत्र्यानं घोड्यांना हुसकावून लावलं आणि मूर्ती शाबूत राहिल्या. तेच मुला आणि मुलाई, कोरकूंचे मूळपुरुष आणि मूळमाता.

देवानं मातीतून माणूस घडवल्याच्या कथा जगभर आहेत, त्याचं नवल नाही. पण घोड्यानं तो माणूस तुडवावा आणि मग राखणदार नेमावा लागावा, हे फार विशेष आहे. एवढा बारीक तपशील दोन ठिकाणी सापडला तर योगायोग म्हणताना जीभ अडखळते. आणि तो दोनच ठिकाणी सापडत नाही.

कोरकू भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या घराण्यातली नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी, मुंडारी आणि संथाळी, पार पूर्वेला झारखंडाकडे बोलल्या जातात. तिकडे मुंडा सांगतात की त्यांच्या सिंगबोंगा देवानं मातीची माणसं केली आणि घोड्यानं ती लाथाडली. हा प्राणी पुढे आपल्याला राबवणार, हे घोड्याला आधीच कळलं होतं. त्या काळी घोड्याला पंखही होते. मग सिंगबोंगानं कोळी निर्माण केला, कोळ्यानं मूर्तींभोवती जाळं विणलं आणि घोड्याचा इलाज चालेना. संथाळांच्या कथेतही दिवसाचा घोडा येऊन मूर्ती तुडवतो. तिथे मात्र त्यांचा देव, ठाकूर, राखणदार नेमतच नाही, तो मातीचा नाद सोडून पाखरांची जोडी घडवतो आणि पुढे त्या पाखरांच्या अंड्यांतून माणसं निघतात.

आणखी पूर्वेला, चितगाव आणि आराकानच्या डोंगरांतल्या खुमी लोकांच्या कथेत घोडा नाहीच. तिथे रोज रात्री एक मोठा साप येऊन देवाच्या मूर्ती गिळतो. देव पहाटे उठून कुत्रा घडवतो, कुत्रा भुंकतो, साप पळतो. म्हणून कुणी मरायला टेकलं की कुत्रा रडतो, असं खुमी सांगतात. आणि आताशा देव गाढ झोपतो किंवा साप धीट झालाय, म्हणून माणसं मरतातच. रात्री कुत्रं रडलं की आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांच्या पोटात धस्स होतं.

आता नकाशावर हजारो किलोमीटर वर जाऊ. रशियात व्होल्गेच्या काठी मारी लोक राहतात. त्यांचा देव युमो माणसाचं शरीर घडवतो आणि कुत्र्याला राखणीला बसवून आत्मा आणायला जातो. दुष्ट केरेमेत गार वारा सोडतो. कुडकुडणाऱ्या कुत्र्याला तो केसाळ अंगरखा देऊ करतो, कुत्रा फिततो आणि केरेमेत त्या शरीरावर थुंकून ते विटाळतो. सातपुड्यातला इमानी राखणदार थंडीच्या मुलखात लाच खातो! घोडा तिथे नाही, सैतान आहे, पण घडवलेलं शरीर, आलेला शत्रू आणि बसवलेला कुत्रा ही तिन्ही हाडं जागच्या जागी आहेत.

सेंट पीटर्सबर्गचे अभ्यासक युरी बेरेझ्किन यांनी जगभरच्या दंतकथांतले असे तपशील गोळा करून नकाशावर मांडले आहेत. त्यांच्या मते या कथेचा उगम युरेशियाच्या गवताळ मैदानांकडे शोधावा लागतो, जिथे घोडा माणसाळला गेला. तिथून एक फाटा दक्षिणेला भारतात उतरला, दुसरा उत्तरेला गेला. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी मला तो पटतो, कारण मुंडांच्या घनदाट रानात घोडा हा मूळचा प्राणीच नव्हे. त्यांनी त्याला पाहिलं असेल ते बाहेरून येणाऱ्याच्या बुडाखाली. अशा प्राण्यानं आपल्या पूर्वजांना तुडवलं, ही कथा अशा लोकांनी उचलून धरावी, हे मला अगदी समजतं.

आणि कुत्रा का टिकला? रात्री जागलीला जाणाऱ्या कुणालाही विचारावं. पिकात रानडुकरं घुसली की माणसाआधी कुत्र्याला कळतं.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतं ते कोरकूंच्या कथेतल्या नावांचं. मुंडांच्या घोड्याला धनी नाही. कोरकूंच्या घोड्यांना मात्र इंद्र हा धनी मिळाला. ही निवड अचूक आहे, कारण वेदांत इंद्राच्या रथाला घोड्यांची जोडीच आहे. घडवणाऱ्या देवाची जागा महादेवानं घेतली, तोही सातपुड्यातल्या यात्रांचा, गुहांचा देव. आणि माणसं मागणारा झाला रावण. मैदानात दसऱ्याला ज्याला जाळतात, तो डोंगरात वस्तीची काळजी वाहतो.

रामायण इथे पोहोचलं असेल ते कथा-कीर्तनातून, बाजारातून, यात्रांतून. कोरकूंनी ते ऐकलं आणि आपल्या कथेच्या सोयीनं त्यातली माणसं घेतली. होळीच्या सुमारास मेळघाटातल्या गावांत उंच लाकडी खांब उभा करून मेघनादाची पूजा होते. मेघनाद म्हणजे रावणाचा मुलगा, आणि रामायणातच त्याचं दुसरं नाव इंद्रजित, इंद्राला जिंकणारा. ज्या इंद्राचे घोडे मुला-मुलाईला तुडवत होते, त्याच इंद्राला हरवणाऱ्याचा हा खांब. हे दुवे कुणी एकानं बसून जुळवले असतील असं मला वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांनी ऐकलेल्यातलं आपल्या बाजूचं तेवढं ठेवलं असणार.