रिपोर्ट नॉर्मल, तरी आजार खरा

क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, माणसाला रोजच्या कामांतून उठवणारा शारीरिक आजार आहे. बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत त्याची ‘बर्नआउट’शी सहज गल्लत होते आणि चार दिवस कूर्गला जाऊन येण्याचा सल्ला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ वर्गीकरणात बर्नआउट हा आजारच नाही, ती कामाशी निगडित स्थिती आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम मात्र चेतासंस्थेच्या विकारांत मोडतो.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे सगळे मनातले’. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर या तपासण्या इतर आजार वगळण्यासाठी असतात; या आजाराची खूण श्रमानंतर उमटते. रुग्णाला सायकल चालवायला लावून प्राणवायूचा वापर मोजतात आणि चोवीस तासांनी तीच चाचणी पुन्हा घेतात. व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी माणसाचे आकडे दोन्ही दिवशी जवळपास सारखे येतात. अनेक रुग्णांचे दुसऱ्या दिवशी घसरतात. जोर पुरेसा लावला की नाही, हेही उच्छ्वासातल्या वायूंवरून कळते. मग ढोंगाचा आरोप कशाच्या आधारावर?

नेदरलँड्समधील २०२० च्या अभ्यासात ४२९ रुग्णांना कलत्या टेबलावर उभे केले, तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा सरासरी २६ टक्क्यांनी घटला. निरोगी लोकांत ७ टक्क्यांनी. ब्रिटनमधील ‘डिकोड एमई’ या अभ्यासाने २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या जनुकीय तपासणीतून आजाराशी निगडित ८ जागा दाखवल्या. निदानाची एकच अशी रक्तचाचणी अजून नाही, हे खरे. अर्धशिशीचीही नाही, पण तिला कोणी खोटी ठरवत नाही.

गोव्यातील स्त्रियांच्या २००५ मधील पाहणीत सुमारे १२ टक्के जणींना दीर्घकाळचा थकवा होता आणि त्याचा संबंध मानसिक त्रास व हलाखीशी आढळला. तिथे ‘थकवा’ ही तक्रार मोजली होती, हा आजार नव्हे. दोन्ही एक मानण्याची चूक डॉक्टरही करतात.

आणखी काही गैरसमज. ‘हे नैराश्यच’: नैराश्यात बहुधा इच्छाच मरते; इथे इच्छा शाबूत असते, शरीर साथ देत नाही.

‘निम्हान्सला पाठवले म्हणजे मनाचे दुखणे’: बंगळुरूच्या या मानसिक आरोग्य संस्थेत मज्जाविकारांचाही मोठा विभाग आहे.

‘रोज थोडा व्यायाम वाढवला की बरे वाटेल’: ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये नेमका हाच उपचार न देण्यास सांगितले. त्राण असेल तेवढेच काम करावे आणि थकण्याआधी थांबावे, असा तिचा सल्ला आहे.