विजेच्या बाग-ट्रॅक्टरचे उचलयंत्र

ट्रॅक्टर ओढण्याचे काम करतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याला जोडलेले अवजार वेळोवेळी उचलणे आणि उचललेले अवजार अधांतरी धरून ठेवणे, हेही त्याचे महत्त्वाचे काम होय.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ साली ‘एलेक-ट्रॅक’ नावाचे विजेवर चालणारे बाग-ट्रॅक्टर विक्रीस आणले. त्यांच्या बहुतेक नमुन्यांत ६ व्होल्टच्या सहा घटमाला एकसर जोडून ३६ व्होल्टचा दाब मिळवलेला असे. गवत कापण्याचे अवजार किंवा बर्फ लोटण्याचे पाते उचलण्यासाठी काहींना हाताने ओढण्याचा दांडा होता, तर काहींना विजेचे उचलयंत्र. या ट्रॅक्टरांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. तथापि हौशी कारागीर ते आजही चालवतात आणि हातदांड्याच्या जागी मोटर बसवतात.

या कामास वीज किती लागते? समजा, ५० किलोग्रॅमचे अवजार १५ सेंटिमीटर उचलावयाचे आहे. त्यासाठी सुमारे ७५ जूल कार्य करावे लागते. यंत्रातील घर्षणामुळे चारपट ऊर्जा लागते असे मानले, तरी ती ३०० जूल होते. हे काम ५ सेकंदांत केल्यास ६० वॅट शक्ती, म्हणजे ३६ व्होल्टवर दोन अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो. असे शंभर वेळा उचलण्यास लागणाऱ्या ऊर्जेवर ४० वॅटचा दिवा जेमतेम साडेबारा मिनिटे जळेल.

म्हणजे उचलणे स्वस्त आहे. खरा प्रश्न धरून ठेवण्याचा आहे. मोटर न फिरता केवळ जोर लावीत राहिली, तर तिला मिळणाऱ्या सर्व विजेची उष्णता होते आणि अखेर तिची वेटोळी जळतात. यावरील उपाय मळसूत्रात सापडतो. मोटर दंतचक्रांच्या साहाय्याने मळसूत्र फिरवते, त्यावरील नट पुढेमागे सरकतो आणि उचलदांडा हलवतो.

मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच होय. तिरप्या फळीवर लाकडी ठोकळा ठेवावा. उतार सौम्य असेल तर घर्षणामुळे ठोकळा जागीच राहतो. उतार वाढवला की घसरतो. त्याचप्रमाणे सौम्य चढाच्या मळसूत्रावर कितीही भार आला, तरी तो नटाला उलट फिरवू शकत नाही. वीज बंद झाली तरी अवजार वरच राहते. या निर्धास्तपणाची किंमत मात्र मोजावी लागते: अशा मळसूत्रात निम्म्याहून अधिक कार्य घर्षणात खर्ची पडते. नटात गोळ्या बसवल्यास घर्षण कमी होते, परंतु भार मळसूत्राला उलट फिरवू लागतो आणि निराळा रोधक बसवावा लागतो. एरवी यंत्राचा शत्रू मानले जाणारे घर्षण येथे पहारेकरी ठरते.

जोडणी करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. उचलदांडा व अवजार यांच्यामध्ये साखळी असावी. साखळी ओढते, पण ढकलत नाही. त्यामुळे गवत कापण्याचे अवजार आपल्या चाकांवर जमिनीच्या चढउतारांप्रमाणे मोकळेपणी वरखाली होते. कायम चुंबकाच्या मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करणारे बटण बसवले की ती उलटी फिरते. मळसूत्राच्या दोन्ही टोकांशी प्रवाह तोडणारे स्विच आणि त्यांना समांतर डायोड हवा. म्हणजे टोकाशी मोटर थांबते, पण परतीचा मार्ग खुला राहतो. १२ व्होल्टची मोटर ३६ व्होल्टवर थेट जोडू नये. घटमालेजवळ वितळतार अवश्य असावी, कारण तारा एकमेकींस चिकटल्यास प्रचंड प्रवाह वाहून आग लागू शकते.

इतके करूनही पिना झिजतात, साखळ्या तुटतात. म्हणून उचललेल्या अवजाराखाली हात घालण्यापूर्वी किल्ली काढून घ्यावी आणि त्याखाली भक्कम लाकडी ठोकळा सरकवावा.