खोली भारी की खेपा जास्त?

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटहून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. पश्चिमेला मुंबई, पूर्वेला विशाखापट्टणम. कुठंही जायचं म्हटलं तरी एक रात्र गाडीत काढावी लागते. तरीपण निवृत्तीला आलेले गुरुजी, बँकेतली जोडपी, पुण्याला नोकरीत स्थिरावलेली पोरं यांच्या घरी हल्ली जहाजाच्या सफरीचा विषय निघतो आणि तो निघाला की एका प्रश्नापाशी अडतो. दर एक-दोन वर्षांनी साध्या खोलीतनं छोटी सफर करायची, की पैसे साठवून एकदाच, पण बाल्कनीच्या खोलीत, थाटात जायचं?

या प्रश्नावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की त्यातले बहुतेक बंदराच्या गावात राहणारे असतात. त्यांचं गणित किनवटला लागू पडत नाही. ते का, ते पुढे येईलच. आधी काही समजुती बाजूला करू.

गैरसमज : जहाजाची सफर म्हणजे मुळातच श्रीमंती चैन, साध्या खोलीत जाण्यात काय मजा?

मराठी माणसाचा बोटीशी संबंध चैनीतून आलेलाच नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटींवर वर्षानुवर्षं सणासुदीला गर्दी असायची ती डेकवर पथारी पसरणाऱ्या चाकरमान्यांची. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं त्या पिढीला अजून आठवतात. वरच्या वर्गाची तिकिटंही होती, पण बोट चालायची ती डेकच्या उतारूंवर.

2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही बोट सुरू झाली तेव्हा तिच्यातही स्वतंत्र खोल्यांबरोबर एकावर एक बर्थ असलेली, अनेकांनी मिळून झोपायची सोय होती. 2021 पासून मुंबईहून सुटू लागलेलं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाजही काही नवंकोरं नाही. ते 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलं गेलं आणि त्याआधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीकडे बरीच वर्षं चाललं. तेव्हा जहाज म्हटलं की डोळ्यांसमोर सिनेमातला महाल आणायची गरज नाही. आतली, बिनखिडकीची खोली घेणारे लोक जहाजावर दुय्यम नसतात.

गैरसमज : महागड्या खोलीवाल्यांना जेवण वेगळं, कार्यक्रम वेगळे.

आपल्याकडून सुटणाऱ्या आणि जगातल्या बहुतेक लोकप्रिय जहाजांवर मुख्य भोजनगृह, नाटक-गाण्याचा रंगमंच, पोहण्याचा तलाव आणि सगळ्यात वरचा मोकळा डेक सर्वांना सारखाच खुला असतो. सूटवाल्यांना, म्हणजे दालनासारखी मोठी खोली घेणाऱ्यांना, आधी चढायला मिळणं, एखादं पेय मोफत मिळणं असे लाड होतात. पण ताटात तीच भाजी आणि समोर तोच समुद्र. खोलीचा दर दुप्पट-तिप्पट होतो तो मुख्यतः चौरस फुटांचा आणि खिडकी-बाल्कनीचा.

याला अपवाद आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. कुनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी 2’ वर तुमची खोली कोणत्या वर्गाची आहे त्यावर तुम्ही कुठल्या भोजनगृहात बसणार हे ठरतं. एमएससी आणि नॉर्वेजियन या कंपन्यांच्या अनेक जहाजांवर सूटवाल्यांसाठी एक वेगळा बंदिस्त भागच असतो. मुलगा-सून अमेरिकेत आहेत आणि तिकडच्या जहाजाची तिकिटं काढून देताहेत, अशा घरांनी एवढी चौकशी जरूर करावी. मुंबई-गोवा जाणाऱ्यांनी त्याची काळजी करू नये.

गैरसमज : जास्त पैसे दिले की खोली कमी हलते.

उलट आहे. लाटेवर जहाज सी-सॉच्या फळीसारखं पुढे-मागे झुलतं. फळीच्या टोकाला बसलेला सगळ्यात जास्त वर-खाली होतो, मध्ये बसलेल्याला फारसं जाणवत नाही. शिवाय बाजूंना होणारं डोलणं जितकं वर जावं तितकं वाढतं. म्हणजे सर्वांत स्थिर जागा जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर. आणि स्वस्तातल्या बऱ्याच खोल्या नेमक्या तिथंच असतात. पुढच्या टोकाचा, वरच्या मजल्याचा ऐटबाज सूट खवळलेल्या समुद्रात पोटातलं ढवळून काढू शकतो.

एसटीच्या घाटात ज्यांना उलटी होते त्यांनी नकाशा बघून मधली, खालची खोली मागावी आणि गोळ्यांबद्दल आधीच डॉक्टरांना विचारावं. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची असते. बिनखिडकीच्या खोलीचा एक तोटा मात्र खरा : क्षितिज दिसत नाही, आणि क्षितिजाकडे बघितल्यानं अनेकांना बरं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे उठून डेकवर जायचं. तो फुकट आहे.

गैरसमज : छोट्या छोट्या, स्वस्त सफरी वारंवार करणं हेच शहाणपण.

हा सल्ला दादरच्या माणसासाठी बरोबर आहे. किनवटच्या माणसासाठी चूक. कारण जहाजाच्या दरात न दिसणारा एक खर्च आपल्या माथी असतो, आणि तो खोली साधी घ्या नाहीतर भारी घ्या, दर खेपेला तेवढाच असतो : घर ते बंदर, बंदर ते घर.

नंदीग्राम एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरता येतं. पण त्याच दिवशी जहाज पकडायचं म्हणजे जुगार आहे. गाडीला उशीर झाला तर गाडी पोचते, जहाज मात्र थांबत नाही; सुटण्याच्या काही तास आधीच चढण्याचं दार बंद होतं. म्हणून एक दिवस आधी पोचायचं, मुंबईत मुक्काम करायचा. परत आल्यावर गाडी संध्याकाळची, नाहीतर दुसऱ्या दिवशीची. त्यात टॅक्सी, हॉटेल, बाहेरचं जेवण आणि तितक्या दिवसांच्या रजा.

आकडे समजण्यापुरते धरू, खरे दर हंगामाप्रमाणे बदलतात. समजा, नवरा-बायकोला किनवटहून जाऊन-येऊन, मुक्कामासकट 15,000 रुपये लागतात. जहाजावरची साधी खोली दोघांना मिळून एका रात्रीला 12,000, आणि बाल्कनीची मोठी खोली 30,000. दादरच्या जोडप्याला धक्क्यावर जायला-यायला हजार रुपये पुरतात.

दादरच्या जोडप्यानं तीन वर्षांत दोन-दोन रात्रींच्या तीन साध्या सफरी केल्या तर 75,000 लागले. किनवटच्या जोडप्यानं अगदी तेच केलं तर 1,17,000, आणि त्यातले 45,000 रस्त्यातच गेले. तेच जोडपं एकदाच, बाल्कनीच्या खोलीत दोन रात्री गेलं तर 75,000. आणि एकदाच, साध्या खोलीत पाच रात्री गेलं तर? तेही 75,000.

म्हणून माझं मत सरळ आहे. लांबून जाणाऱ्यानं खेपा वाढवू नयेत आणि खोलीही वाढवू नये, रात्री वाढवाव्यात. एकदा बंदरापर्यंत पोचण्याचा खर्च केलाच आहे, तर तो पाच रात्रींवर वाटला जाऊ दे. यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. दोन रात्रींच्या सफरीत पहिला दिवस चढण्यात जातो, शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की उतरायचं. हातात पूर्ण दिवस राहतो एकच. पाच रात्रींत चार राहतात. म्हणजे दोन रात्रींच्या तीन सफरींपेक्षा पाच रात्रींच्या एकाच सफरीत समुद्र जास्त दिवस मिळतो.

पुण्या-मुंबईत लेकीकडे वर्षातून दोनदा जाणं होतंच, अशांचं गणित अर्थात वेगळं. त्यांच्या बंदराच्या खर्चाचा मोठा भाग लेकीच्या भेटीत वसूल झालेला असतो. त्यांनी खुशाल दोन रात्रींची सफर त्याला जोडून घ्यावी.

गैरसमज : एकदाच पण भारी केलं की आयुष्यभर पुरतं.

आठवण आयुष्यभर पुरते, ताजेपणा नाही. नेदरलँड्समध्ये पंधराशेवर लोकांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक सुट्टीच्या आधीच इतरांपेक्षा जास्त आनंदात होते. परत आल्यावर मात्र, अगदी निवांत सुट्टी झालेल्यांचा अपवाद सोडला, तर त्यांच्यात आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नाही. जेसिका डी ब्लूम यांच्या संशोधनात असं दिसलं, की मोठ्या सुट्टीत बरं वाटण्याचा कळस साधारण आठव्या दिवशी येतो आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो ओसरतो.

यावरून लोक लगेच ‘मग लहान लहान सुट्ट्या घ्या’ असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर आहे, पण त्या सुट्ट्या जहाजावरच घ्यायला हव्यात असं कुणी सांगितलं? तालुक्यातल्या इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात एका दिवसात पाहून होतो. उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं आहेत, माहूर आहे. वारंवारची हौस इथं भागवावी आणि समुद्रासाठी वाट पाहावी. त्या डच अभ्यासानुसार आनंदाचा मोठा वाटा वाट पाहण्यातच असतो, आणि तो मिळवायला बाल्कनी लागत नाही.

भारी खोली घेऊच नये असं मात्र नाही. ती कुणासाठी, हे बघावं. आईवडिलांचे गुडघे गेलेत, डेकपर्यंत वारंवार चालणं होत नाही, दुपारी चार तास पडावंच लागतं, अशा वेळी बाल्कनी ही चैन नव्हे. त्यांची अर्धी सफर तिथल्या खुर्चीतच होणार असते. त्यांच्यासाठी लिफ्टजवळची खोली मागावी, ती एरवीच्या थाटापेक्षा महत्त्वाची. पहिल्यांदाच जहाज बघणारी चाळिशीतली जोडपी आणि पोरं खोलीत फक्त झोपायला येतात, आणि अंधारात बाल्कनीतून समुद्र दिसत नाही.

गैरसमज : तिकिटात सगळं आलं.

झोपणं, नेहमीचं जेवण, बहुतेक कार्यक्रम आले. बंदराचं शुल्क, जीएसटी आणि अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांची बक्षिसी वेगळी लावली जाते. दारू, इंटरनेट, खास भोजनगृहं, बंदरावर उतरून केलेली सहल, यांचेही पैसे वेगळे. जाहिरातीतला दर माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघं आहेत असं धरून. एकट्यानं जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचे भरावे लागतात. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला मात्र कमी लागतात, म्हणून दोन लेकरांच्या घराला साधी चार बर्थची खोली बरी पडते.

परदेशी सफरीवर आगाऊ घेतला जाणारा टीसीएस हा कर बुडीत खात्यात गेला असं समजून हळहळणारे पुष्कळ भेटतात. विवरणपत्र भरलं की तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो.

गैरसमज : समुद्रापेक्षा नदीची सफर बिनधोक.

ज्यांना समुद्र दूर वाटतो त्यांना नदीचा पर्याय आहे, आणि तो किनवटला उलट जवळचा. गावावरून जाणाऱ्या कृष्णा एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठता येतं. तिथून पुढे नागार्जुनसागर. धरणात पुरेसं पाणी असताना तेलंगण पर्यटन खातं तिथून श्रीशैलमपर्यंत लाँच सोडतं. नल्लमलाच्या डोंगरांमधून कृष्णेवरचा हा प्रवास आहे. नांदेडच्या घाटावरून वाहणारी आपली गोदावरीही पुढे आंध्रात पापिकोंडलूच्या डोंगरांतून जाते आणि तिथंही पर्यटकांच्या बोटी चालतात.

पण नदी शांत म्हणून बिनधोक, हे खरं नाही. 15 सप्टेंबर 2019 ला याच पापिकोंडलूच्या वाटेवर, कच्चुलूरू इथं, गोदावरी पुरात असताना पर्यटकांची बोट उलटली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. मोठ्या जहाजावर प्रवाशांना आणीबाणीत कुठं जमायचं ते सक्तीनं समजावून सांगतात. लहान बोटीवर ती काळजी आपणच घ्यायची. लाइफ जॅकेट अंगावर आणि बांधलेलं हवं, बाकाखाली नव्हे. नदीला पूर असेल तर भरलेले पैसे सोडून द्यावेत.

राहिला मुहूर्त. मुंबईहून पश्चिम किनाऱ्यावरच्या सफरींचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत आटोपतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिना या काळात दर चढे असतात. ज्यांच्या घरी शाळकरी पोरं नाहीत त्यांनी परीक्षांचे दिवस बघावेत, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. कापसाची वेचणीही तोवर आटोपत आलेली असते. बंजारा तांड्यावरची माणसं होळी सोडून कुठंच जाणार नाहीत. त्यांनी होळीनंतरचा पंधरवडा धरावा.