इंग्रजी शब्दार्थ शिकविताना : ‘इंजिन’ आणि ‘जीन’

घाटाखालील खामगाव, मलकापूर या कापसाच्या पेठांत सरकी काढण्याच्या कारखान्यास लोक ‘जीन’ म्हणतात. देऊळघाटच्या शाळेतील शेतकऱ्याच्या मुलास हा शब्द बहुधा घरीच ऐकून ठाऊक असतो. ‘इंजिन’ हा शब्दही त्याच्या परिचयाचा असतो. परंतु हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत, हे त्यास कोणी सांगत नाही.

‘इंजेनियम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ उपजत बुद्धी असा होता. तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला व त्याचे ‘इंजिन’ झाले. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ बुद्धी, कसब असा असे. तसाच तो युक्ती, डाव, कपट असाही असे. पुढे बुद्धीने घडविलेल्या वस्तूसही तेच नाव मिळाले. किल्ल्याचा तट फोडणारे यंत्र हे ‘इंजिन’ आणि ते रचणारा तो ‘इंजिनिअर’. कल्पक या अर्थाचा ‘इन्जीनियस’ हा शब्दही त्याच कुळातील होय. वाफेशी या शब्दाचा संबंध पुष्कळ नंतर आला. ‘जीन’ हे ‘इंजिन’चेच आखूड रूप असून पूर्वी सापळ्यास व जड ओझे उचलण्याच्या यंत्रासही ते लावीत.

कापसाच्या बाबतीत या शब्दाची दोन्ही अंगे दिसून येतात. दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारी हातचरकी आपल्या देशात फार पूर्वीपासून होती. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९४ साली आपल्या ‘जीन’चे पेटंट घेतले. त्यातील तारेचे दाते बारीक फटींतून रुई ओढून घेत, आणि सरकी फटीतून जाऊ न शकल्याने मागे राही. युक्ती साधी, पण परिणाम दूरवरचा. कापसाची लागवड वाढली, आणि तिच्याबरोबर गुलामांचे श्रमही वाढले. त्या देशात १७९० साली सुमारे ७ लाख गुलाम होते; १८६० साली ते सुमारे ४० लाख झाले. युक्ती कोणाच्या हाती पडते व कोणासाठी राबते, हा प्रश्न युक्तीइतकाच महत्त्वाचा आहे, हे वरच्या वर्गातील मुलांस अवश्य सांगावे.

मराठीतही असेच घडले आहे. ‘कला’ या शब्दापासून ‘कळ’ झाला. कळ दाबली की दिवा लागतो, येथे कळ ही वस्तू आहे. कळसूत्री बाहुली नाचते, येथे सूत्र हलविणाऱ्याचे कसब आहे. आणि एखाद्यास ‘कळसूत्री बाहुली’ म्हटले म्हणजे पडद्याआडच्या कोणाचा तरी डाव सूचित होतो. बुद्धी, वस्तू आणि डाव हा प्रवास दोन्ही भाषांत सारखाच झाला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. ‘इंजिन म्हणजे आगगाडीचे इंजिन’ असा एकच अर्थ फळ्यावर लिहून दिला, तर पुढे ‘सर्च इंजिन’ हा शब्द भेटताच मूल अडखळते. कारण तेथे ना चाक, ना वाफ. चार्ल्स बॅबेज याने १८२२ च्या सुमारास गणिती कोष्टके तयार करणाऱ्या यंत्रासही ‘इंजिन’च म्हटले होते. बुद्धीने रचलेले साधन हा जुना अर्थ मुलास ठाऊक असेल, तर हे प्रयोग त्यास परके वाटणार नाहीत.

यास्तव शिक्षकांनी प्रथम मुलांकडून त्यांच्या घरातील, शेतातील इंजिनांची नावे काढून घ्यावीत. नंतर ‘यात कोणाची कोणती युक्ती आहे?’ असे विचारावे. शेवटी मूळ अर्थ सांगून प्रत्येकाकडून शब्दाचा वाक्यात उपयोग करून घ्यावा. यंत्राचे नाव मुळात माणसाच्या बुद्धीचे नाव आहे, एवढे मुलाच्या ध्यानी आले तरी शब्दार्थाचा पाठ सफल झाला असे समजावे.