हातातील कॅमेरा आणि त्याचा साज

लखनौचा मोठा इमामबाडा नबाब असफउद्दौला याने १७८४ साली, दुष्काळात प्रजेला काम मिळावे म्हणून, बांधावयास घेतला. त्याचे मधले दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद व १५ मीटर उंच असून त्याच्या कमानदार छताला एकाही तुळईचा आधार नाही. १८५८ साली फेलिचे बियातो हा छायाचित्रकार या शहरात आला, त्या वेळी काचेवरील रासायनिक लेप इतका मंद असे की, कॅमेरा तिवईवर स्थिर केल्याखेरीज चित्र घेणेच शक्य नव्हते. आज हा मंदपणा राहिलेला नाही; परंतु केंद्रीय संरक्षणाखालील अशा वास्तूत तिवई लावावयाची तर आगाऊ परवानगी घ्यावी लागते. परिणामी बहुतेकांना कॅमेरा हातातच धरावा लागतो. मग तिवईचे काम तीन साध्या वस्तूंवर येऊन पडते : फ्लॅश धरणारे ब्रॅकेट, कॅमेऱ्याच्या तळाशी बसणारी प्लेट आणि खांद्यावरचा पट्टा. या वस्तू दुकानात शोभेकडे पाहून घेतल्या जातात. वास्तविक त्यांच्या निवडीत प्रकाशशास्त्र आणि यामिकी यांचा झगडा दडलेला असतो.

प्रकाशाची मागणी अशी की, फ्लॅश भिंगापासून दूर असावा. हाताची मागणी नेमकी उलट : सारे वजन तळव्याजवळ असावे.

पहिली मागणी लखनौच्याच एका कारागिरीवरून चांगली समजते. चिकनकामात पुष्कळदा पांढऱ्या तलम कापडावर पांढऱ्याच दोऱ्याने भरतकाम केलेले असते. मुर्री हा टाका तांदळाच्या दाण्यासारखा, तर फंदा हा बाजरीच्या दाण्यासारखा कापडावर उठून येतो. रंगाचा भेद नसल्यामुळे तो डोळ्यांना दिसतो तो केवळ सावलीमुळे. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील फ्लॅश भिंगाच्याच दिशेने प्रकाश टाकतो. सावल्या दाण्यांच्या मागे लपतात आणि चित्रात कोरे पांढरे कापड तेवढे उरते. हाच फ्लॅश ब्रॅकेटच्या साहाय्याने भिंगापासून २५ सेंटीमीटर बाजूला नेला आणि कापड अर्ध्या मीटरवर असले, तर प्रकाश सुमारे २७ अंशांनी तिरपा येतो व प्रत्येक दाण्याला सावलीची कड लाभते. तेच ब्रॅकेट ३ मीटरवरील माणसापुढे धरले, तर तिरपेपणा ५ अंशांपेक्षाही कमी भरतो. म्हणून ब्रॅकेट किती लांब आहे एवढेच विचारून भागत नाही. विषय किती अंतरावर आहे हेही त्याबरोबर पाहावे लागते.

तथापि माणसांच्या बाबतीत एवढासा तिरपेपणाही वाया जात नाही. भिंगाला लगटून असलेला प्रकाश डोळ्याच्या दृष्टिपटलावरून परतून थेट भिंगात शिरतो आणि बुबुळे लाल दिसू लागतात. अंगच्या लहान फ्लॅशचे भिंगापासूनचे अंतर ८ सेंटीमीटर धरले, तर ३ मीटरवर तो जेमतेम दीड अंशाचा कोन करतो; ब्रॅकेटवर हा कोन तिपटीहून अधिक होतो आणि दोष बहुधा नाहीसा होतो. उभे चित्र घेण्यासाठी कॅमेरा आडवा फिरविला की माथ्यावरचा फ्लॅश बाजूला जातो व माणसाच्या कानामागे भिंतीवर काळी सावली उमटते. फ्लॅशला पुन्हा भिंगाच्या वर आणणारे फिरते ब्रॅकेट याच कारणासाठी असते. चिकनकामासाठी त्याची काही गरज नाही. तेथे साधी आडवी पट्टी आणि गुंडाळीची तार पुरेशी होते. तारेच्या ठिकाणी आता रेडिओ-संकेतानेही फ्लॅश उडविता येतो. मात्र जुन्या बाजारातून घेतलेल्या काही फ्लॅशचे विद्युत्-दाब आजच्या कॅमेऱ्याला सोसत नाहीत, हे खरेदीपूर्वी तपासून घ्यावे.

आता हाताची बाजू. वजन आणि त्याचे आधारापासूनचे अंतर यांच्या गुणाकारावर मनगटाला बसणारा पीळ अवलंबून असतो. यालाच परिबल म्हणतात. ४०० ग्रॅमचा फ्लॅश २५ सेंटीमीटरवर असला, तर १० सेंटीमीटरवर १ किलो वजन टांगल्याइतकाच पीळ बसतो. यावर जुना आणि उत्तम उपाय म्हणजे ब्रॅकेटलाच मूठ जोडणे. १९३० च्या सुमारास एकदाच जळणारे फ्लॅशचे दिवे बाजारात आले, तेव्हा वृत्तपत्रांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला बॅटऱ्यांचे उभे नळकांडे बाजूस बसवीत आणि तेच मूठ म्हणून धरीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, पुढे दिल्लीतील कामासाठी नावाजलेल्या होमाई व्यारावाला यांनी असलाच अवजड कॅमेरा साडी नेसून गर्दीतून वाहिला. वजन कमी नव्हते; ते दोन्ही हातांत वाटले गेले होते.

इमामबाड्याच्या दालनात मात्र ब्रॅकेट काढून ठेवणेच शहाणपणाचे. अंतर वाढले की प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २ मीटरवर जो उजेड पडतो, त्याचा १५ मीटरवर सुमारे छपन्नावा भाग उरतो आणि ५० मीटरवर सहाशे पंचविसावा. छतावरून प्रकाश परतविण्याची युक्ती कारागिराच्या ठेंगण्या, चुना लावलेल्या खोलीत छान साधते, येथे नाही. दालनाचे चित्र तेथल्याच उजेडावर, शटर अधिक वेळ उघडे ठेवून घ्यावयाचे असते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने हात स्थिर राहण्याची मर्यादा साधारणतः सेकंदाचा पन्नासावा भाग मानतात. अशा वेळी पट्टा मानेमागून घेऊन कॅमेरा पुढे ढकलावा व पट्टा ताणून धरावा. दोन कोपर छातीशी आणि तिसरा आधार पट्ट्याचा, अशी माणसाचीच तिवई होते.

पट्टा निवडताना रुंदी प्रथम पाहावी. तेच वजन १ सेंटीमीटरऐवजी ४ सेंटीमीटर रुंदीवर पसरले की खांद्यावरचा दाब सुमारे चौथाई होतो. लवचीक रबरी पट्टा दुकानात मऊ लागतो; पण चालताना कॅमेरा त्यावर झोके घेतो आणि ताणून धरावयास तो निरुपयोगी ठरतो. लखनौच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जाते, तेव्हा तो घामाने अंगाला चिकटतोही. विणलेला सुती पट्टा साधा दिसला तरी धुता येतो.

प्लेटविषयी थोडक्यात सांगता येईल, परंतु हयगय येथेच महाग पडते. कॅमेऱ्याच्या तळाचे छिद्र बहुधा पाव इंची, इंचाला २० आट्यांचे असते. एकाच स्क्रूवर बसलेली प्लेट ब्रॅकेटच्या पिळाने हळूहळू फिरते. म्हणून कॅमेऱ्याच्या कडेला टेकणारा ओठ असलेली, त्याच कॅमेऱ्याच्या मापाची प्लेट घ्यावी. जाड रबराचे अस्तर दबत राहते, पातळ बरे. बॅटरीचे झाकण प्लेट न काढता उघडते की नाही, हे दुकानातच पाहावे. स्क्रू प्रमाणाबाहेर लांब असल्यास तो घट्ट बसण्यापूर्वीच छिद्राच्या तळाला टेकतो व आतील भागास इजा करतो.

काही पट्टे तळाच्या याच स्क्रूला अडकवितात. मोहरमच्या पहिल्या तारखेस शाही जरीहची मिरवणूक मोठ्या इमामबाड्याहून छोट्या इमामबाड्याकडे जाते. त्या गर्दीत कॅमेरा तासन्‌तास कमरेशी हेलकावत राहतो आणि प्रत्येक हेलकाव्याने स्क्रू किंचित सैल होऊ शकतो. असा पट्टा वापरणाराने कॅमेऱ्याच्या वरच्या कडीतून एक निराळी दोरी पट्ट्याला बांधावी आणि घराबाहेर पडण्यापूर्वी स्क्रू बोटांनी चाचपून घ्यावा.