पेट्रोलची वाट कोठें अडली?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेस कर्जत तालुका आहे. तेथें पाऊस बेताचा, वैशाखाचें ऊन कडक आणि धूळ भरपूर. अशा गांवीं एखाद्या अंगणांत पत्र्याच्या छपराखालीं वडिलांच्या वेळची 'प्रीमियर पद्मिनी' वर्षभर उभी असते. घरांत कार्य निघतें. वधूवरांना याच मोटारींतून न्यावें अशी मंडळींची हौस असते. पण किल्ली फिरविली तर इंजिन नुसतें घरघरतें, सुरू होत नाहीं. मग कोणी बॅटरी बदलावयास सांगतो, कोणी नवा कार्बुरेटर घ्यावयास. आजार रेड्याला नि डाग पखालीला, अशांतला तो प्रकार होतो. वास्तविक पेट्रोल टाकींतून इंजिनाकडे ज्या वाटेनें जातें, ती वाट क्रमानें तपासली तर दोष बहुधा थोडक्यांत सांपडतो.

ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ सालीं निवृत्त झाली. घरोघरीं मात्र कांहीं गाड्या अजून जपलेल्या आहेत. टाकी मागें, इंजिन पुढें; इंजिनाच्या गतीवर चालणारा पंप पेट्रोल ओढतो व कार्बुरेटरला देतो. तेथें पेट्रोलचा तुषार हवेंत मिसळतो आणि प्लगच्या ठिणगीनें पेटतो.

तपासणी उघड्यावर करावी. जवळ विडी वा दिवा नसावा. वाळूची बादली मात्र असावी, कारण पेट्रोलची आग पाण्यानें विझत नाहीं, उलट पसरते.

प्रथम थोडा वेळ इंजिन फिरवून एक प्लग काढून पाहावा. टोंक कोरडें असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओलें असेल तर पेट्रोल येतें, परंतु ठिणगी पडत नाहीं किंवा पेट्रोल फाजील झालें आहे. फाजील झालें असल्यास चोक आंत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि मग इंजिन फिरवावें. जादा पेट्रोल निघून जातें.

प्लग कोरडा असल्यास टाकीकडे वळावें. जुना कांटा खोटें सांगतो. म्हणून स्वच्छ काठी घालून पेट्रोल आहे कीं नाहीं तें पाहावें. फार दिवसांच्या पेट्रोलला रोगणासारखा वास येतो. तें काढून टाकणेंच बरें. उसाच्या मळीपासून निघणारें इथेनॉल नगर जिल्ह्यांतील साखर कारखान्यांतही होतें, आणि २०२५ सालापर्यंत देशांतील पेट्रोलमध्यें त्याचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. तें पाणी शोषून घेतें. पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून तळाशीं बसतात. शिवाय जुन्या घडणीच्या रबराला तें मानवत नाहीं.

नंतर पंप. कॉइलची तार सोडून ठिणगी बंद करावी, कार्बुरेटरपाशीं नळी सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें आणि इंजिन फिरवावें. पेट्रोलच्या जोरकस चिळकांड्या आल्या तर टाकी व पंप निर्दोष. न आल्यास टाकीचें झांकण सैल करून पुन्हां पाहावें. झांकणाचें हवेचें छिद्र धुळीनें बुजलेलें असूं शकतें. मग गाळणी आणि टाकीकडची रबरी नळी तपासावी. या नळीला चीर पडली तर पेट्रोल गळेलच असें नाहीं. पंप पेट्रोलऐवजीं हवा ओढतो. पंपाचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेलाची पातळी वाढली व तेलाला पेट्रोलचा वास आला, तर गाडी मुळींच चालवूं नये.

पेट्रोल येथवर आलें आणि तरीही प्लग कोरडा, तर दोष कार्बुरेटरांत. आंतली सुई चिकटली असल्यास लांकडी मुठीनें हलकेच ठोकल्यास ती सुटते. जेटचें छिद्र बुजलें असेल तर हवेनें साफ करावें. तार घालूं नये. पितळेचें छिद्र केसभर रुंदावलें तरी मिश्रणाचें माप कायमचें बिघडतें.

कधीं गाडी सकाळीं नीट सुरू होते, पण भर दुपारीं थांबविल्यावर हटून बसते. उन्हानें व इंजिनाच्या उष्णतेनें नळींत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढतां येत नाहीं. पंपावर व नळीवर ओलें फडकें टाकून घटकाभर थांबावें.

एक रूढ उपाय मात्र कटाक्षानें टाळावा. एकानें कार्बुरेटरच्या तोंडांत पेट्रोल ओतावयाचें आणि दुसऱ्यानें किल्ली फिरवावयाची. इंजिन उलट भडकलें तर ज्वाला थेट ओतणाऱ्याच्या तोंडावर येते. कार्याच्या दिवशीं भाड्याची मोटार आणतां येते. भाजलेला हात पूर्ववत् होत नाहीं.