पाहुणा लहान, पोट त्याहून लहान

घरात तान्हे मूल असले की त्याने काय खावे, किती खावे, याची चिंता सारे घर वाहते. परंतु मुलांच्या हट्टापायी घरात एखादा मासा आला, तर त्याच्या आहाराचा विचार कितीजण करतात? पोळीचा कुसकरा टाकला की आपले कर्तव्य संपले, अशीच बहुतेकांची समजूत असते.

चंदीगडच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, मोहालीच्या हद्दीत, एयरोसिटी ही नवी वसाहत उभी राहिली आहे. नागपूरहून बदलीने तेथे गेलेल्या एका मराठी कुटुंबाकडे दसऱ्याच्या सुमारास आमचा मुक्काम होता. घरातील आठ वर्षांच्या मुलीला वाढदिवसानिमित्त एक निळा, झालरीसारख्या परांचा मासा मिळाला होता. बाजारात याला ‘फायटर’ म्हणतात. जाणकार ‘बेटा’ म्हणतात. सकाळी मुलगी पोळी कुस्करून टाकी, दुपारी आजी भाताची शिते टाकी, आणि रात्री वडील दुकानातून आणलेले दाणे चिमूटभर सोडीत. तिघांची माया खरी होती. पाचव्या दिवशी माशाचे पोट फुगले, तो एका कुशीवर कलून तरंगू लागला, आणि मुलीने जेवणावरची वासना सोडली.

हा मासा मूळचा थायलंडकडचा. १९१० साली टेट रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे नाव दिले. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरविले. भातखाचरांच्या उथळ पाण्यात हा राहतो म्हणून भातही खात असेल, असे आजींना वाटले होते. तर्क गमतीचा खरा, पण चुकीचा. तेथे तो पाण्यावर पडलेले किडे, डासांच्या अळ्या आणि सूक्ष्म जलजीव खातो. त्याचे तोंड निरखून पाहा: ते वरच्या बाजूस वळलेले असते, कारण त्याचे अन्न पृष्ठभागावर असते. अशा मांसाहारी जिवाचे आतडे आखूड असते. पोळीतील व भातातील पिष्ट त्याला नीट पचत नाही; शिवाय उरलेले कण तळाशी कुजून पाणी विषारी करतात.

म्हणून दाणे घेताना डब्यावरील चित्रास भुलू नये. घटकांची यादी वाचावी. आरंभी मासळीची पूड, कोळंबी किंवा कीटक असावेत. गव्हाचे पीठ प्रथम लिहिले असेल तर तो डबा परत ठेवावा. दाणा तरंगणारा आणि माशाच्या तोंडात मावेल एवढा बारीक पाहिजे. डबा लहानच घ्यावा, कारण उघडल्यावर दमट हवेने दाणे खवट होतात.

आणि प्रमाण? माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते, असे माशांचे शौकीन ठोकताळ्याने सांगतात. सकाळी दोन-तीन बारीक दाणे, संध्याकाळी तितकेच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास, एवढे पुष्कळ झाले. नव्या जागी आलेला मासा एक-दोन दिवस अन्नाला तोंड लावीत नाही. तेव्हा घाबरून आणखी दाणे टाकू नयेत. न खाल्लेला दाणा काही मिनिटांत काढून टाकावा.

आठवड्यातून एक-दोनदा पालट म्हणून गोठविलेले रक्तकृमी किंवा पाणपिसवा द्याव्यात. त्या आधी वितळवून घ्याव्यात. वाळविलेले रक्तकृमी भिजवून द्यावेत, आणि हात धुवावेत, कारण त्यांच्या भुकटीने काही माणसांना खाज किंवा शिंका येतात. गटारांच्या गाळात वाढणारे जिवंत तांबडे कृमी स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. त्यांबरोबर रोग घरात येतो.

डासांच्या अळ्या या माशाचे आवडते खाद्य खरे; परंतु त्यासाठी बादलीत पाणी साठवून त्या वाढविणे म्हणजे माशाच्या घासासाठी शेजाऱ्यांना डेंग्यू देणे होय. कूलरमधील अळ्याही नकोत, कारण त्या पाण्यात औषध किंवा तेल टाकलेले असू शकते.

उत्तरेकडील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पौष-माघात चंदीगडच्या घरांतील पाणी बर्फासारखे गार होते. या माशाला सुमारे २५ ते २८ अंश ऊब लागते. गारठ्यात त्याचे पचन मंदावते. अशा वेळी उत्तम दाणेही बाधतात. आधी लहान हीटर व तापमापक, मग अन्न. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, एवढ्यावरून त्याला वाटीभर पाण्यात कोंडू नये. पंधरा-वीस लिटरची टाकी असली तर पाणी लवकर बिघडत नाही आणि ऊबही टिकते.

त्या निळ्या माशाचे काय झाले, हे आपण विचाराल. दोन दिवस त्याला पूर्ण उपास घडविला आणि क्लोरीन घालविलेले ताजे पाणी थोडथोडे बदलले. आजींना हा उपास फार जड गेला. लेकरू उपाशी आहे, असे त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मासा सरळ पोहू लागला. तेव्हा त्याला चार पाणपिसवा दिल्या. पोळी मात्र बंद झाली.

पुढे दिवाळीत ते कुटुंब आठ दिवस नागपूरला जायचे होते. धडधाकट मासा काही दिवस अन्नावाचून राहू शकतो, हे ठाऊक असूनही मुलीचे मन मानेना. तिने वहीच्या कागदाच्या चार पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर तारीख घातली, प्रत्येकीत मोजून तीन दाणे ठेवले आणि उरलेला डबा कपाटात कुलूपबंद केला. पुड्या घेऊन ती शेजारच्या पंजाबी आंटींकडे गेली. ज्यांच्या घरून पाहुणा पराठ्यावाचून कधी परतला नाही, त्या आंटींनी एक पुडी उघडून पाहिली आणि विचारले, “इतनाही?” मुलीने गंभीरपणे मान हलविली.